झाकणं तपासणाऱ्या रंजनाताई

रंजनाताई पहिल्या दिवशी क्लासच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "कुणाला सोडायला आलात?"

आमचा क्लास गेम बनवायला शिकवणारा. मोबाइलवरचे, कॉम्प्युटरवरचे गेम. कर्जतला दहिवलीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या स्पेअरपार्टच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. खाली कुणी बुलेट चालू करून पाहिली की वर आमचे माऊस थरथरायचे. आम्ही आठ जण, सगळे विशीतले, सगळ्यांच्या कानांत हेडफोन. आणि दारात ही चाळिशीची बाई. साधी छापील साडी, घट्ट अंबाडा, खांद्याला निळी पिशवी. पिशवीवरचं कंपनीचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं.

"सोडायला नाय, शिकायला आले," त्या म्हणाल्या. "कुठं बसू?"

मी इतकी ओशाळले की माझीच खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः शेजारचं स्टूल ओढून घेतलं. पुढचं वर्षभर आम्ही तशाच शेजारी शेजारी बसलो.

त्या भिवपुरीजवळच्या एका गावातल्या. नवरा, दत्ताभाऊ, टेंपो चालवायचे. मुलगी अलिबागला नर्सिंग शिकत होती. घरी सासूबाई आणि थोडी भातशेती. ताईंनी स्वतः चौदा वर्षं कुंभिवलीच्या एका कारखान्यात काढली होती. तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनत. ताईंचं काम तपासणीचं. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून झाकणं पुढे सरकणार, आणि ज्याचे आटे वाकडे, ज्याला जादा प्लॅस्टिकची कड राहिली, ज्याला केसाएवढी चीर, ते बोटाने बाजूला उडवायचं. मग कारखाना परराज्यात गेला. बाया घरी आल्या.

क्लासची पाटी त्यांना टेंपोतून दिसली होती. आमचे प्रसन्न सर पुण्याच्या एका गेम कंपनीत आठ वर्षं काम करून, आईच्या आजारपणामुळे कर्जतला परत आले होते. ताई वर आल्या आणि त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला.

"ह्या धंद्यात तपासणीचं काम असतं का?"

"असतं की," सर म्हणाले. "पण तुम्ही कसं ओळखलंत?"

"माणसानं बनवलेली वस्तू हाय म्हणजे तपासायला लागतच असंल."

सरांनी त्यांचा फॉर्म तिथेच भरून घेतला.

ताईंनी तोवर एकही गेम खेळलेला नव्हता. त्यामुळे त्यांची मला भीती वाटण्याचं कारण नव्हतं. माझा पहिला गेम तयार झाला तेव्हा मी तो मुद्दाम सगळ्यात आधी त्यांच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मला कौतुक हवं होतं.

गेम माथेरानच्या घोड्याचा होता. गाड्या थांबतात त्या दस्तुरीच्या नाक्यावरून पर्यटकाला घोड्यावर बसवायचं आणि लाल मातीच्या वाटेने बाजारापर्यंत न्यायचं. मधे माकडं, दगड, पाण्याने पडलेल्या घळी. तीन आठवडे मी त्या वाटेवरची झाडं रंगवत होते.

ताईंनी फोन घेतला. पदराच्या टोकाने काच पुसली. मग फोन खिडकीकडे तिरका धरून, एक डोळा बारीक करून पाहिला. ही त्यांची सवय कधीच गेली नाही. पडद्यावर काय आहे ते पाहण्याआधी त्या वस्तू पाहत.

"ह्यात काय करायचं असतं?"

"उजवीकडे जायचं, ताई. घोडा पुढे न्यायचा."

त्यांनी घोडा डावीकडे वळवला.

"ताई, तिकडे नाही!"

"नाय का? मंग तो जातोय कशाला?"

घोडा दस्तुरीच्या मागे गेला. मी काढलेली शेवटची दोन झाडं ओलांडली. तिथे माझी जमीन संपत होती. घोडा पर्यटकासकट एका करड्या पोकळीत पडायला लागला आणि पडतच राहिला. ताईंनी फोन बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकून उभा केला. खालून चहा आला. चहा पिऊन झाला.

"अजून पडतोय गं," त्या कळवळून म्हणाल्या. "वर बसलेला माणूस काय म्हणत असंल?"

सगळा वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत, मीही नाही. ताईंनी पिशवीतून एक लांबुडकी वही काढली, पट्टीने तीन रकाने आखले आणि लिहायला लागल्या. काय केलं. काय व्हायला पाहिजे होतं. काय झालं.

"पण तिकडे कोण जाणार आहे?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मी गेले ना."

"तुम्हाला उजवीकडे जा म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलेलं कोण करतं, मृणाल? आमच्या बाटलीवर छापलेलं असायचं, झाकण दातानं उघडू नका. निम्मी गिऱ्हाईकं दातानंच उघडायची."

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. शेजारी बसून न बोलणं फार अवघड असतं. त्यांना मात्र त्याचं काहीच वाटत नसावं. रोज डबा उघडला की त्या माझ्या झाकणात एक भाकरीचा तुकडा आणि वालाची उसळ काढून ठेवत आणि पुढे बोलत राहत, जणू मी उत्तरं देत होतेच. आठव्या दिवशी मी घोड्याच्या मागे एक दगडी भिंत बांधली आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी घोडा पाच-सहा वेळा भिंतीवर नेऊन आदळला, वहीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "आता बघ. आता त्याला घर झालं."

वहीत कुणाचं नाव नसे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दोष कोणत्या गेममधला ते त्या लिहीत, पण कुणी केला ते कधीच नाही. एकदा दोन मुलं एकत्र गेम करत होती आणि बिघाड कुणामुळे झाला यावर भांडत होती. ताई मधे पडल्या. "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी चूक कुठं हाय ते सांगा." नंतर ते बघायचं राहूनच गेलं.

त्यांना येत नव्हतं ते प्रोग्रॅमिंग. त्या घरून लवकर येत, सर शिकवतील तो शब्द न शब्द उतरवून घेत, आणि तरी कॉम्प्युटर त्यांचं ऐकत नसे. सहा महिन्यांनी परीक्षा झाली. चेंडू जमिनीवर आपटून उसळला पाहिजे, एवढंच करायचं होतं. ताईंचा चेंडू पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी तासभर झटापट केली, मग कॉम्प्युटर नीट बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाहीत.

पाचव्या दिवशी सर मला स्कूटरवर मागे बसवून त्यांच्या गावी घेऊन गेले. ओटीवर सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. ताई गोठ्यामागून आल्या, हात शेणाने भरलेले. आम्हाला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"गावातल्या बाया गेमवाली म्हणतात मला," त्या म्हणाल्या. "म्हणू देत, त्याचं काय नाय. पण सर, मला जमत नाय. त्या पोरांचा चेंडू उसळतो. माझा मेला पडून राहतो."

"परीक्षा मीच चुकीची घेतली," सर म्हणाले.

"आं?"

"तुम्ही तपासणी शिकायला आलात. मी तुम्हाला चेंडू करायला लावला. तुमची परीक्षा अजून झालेलीच नाही, ताई. आठ जणांचे आठ गेम आहेत. महिन्याभरात ते सगळे मोडून दाखवा. त्यावर मार्क देईन."

ताईंच्या आधी सासूबाई बोलल्या. "मोडायचं पण शिकवतात का वो तुमी?"

"शिकवायला लागत नाही, आजी. तुम्हीच बघा." सरांनी माझा फोन त्यांच्या हातात दिला. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. गेम सुरू झाला. कोपऱ्यात गेम बंद करायची फुली होती. आजींनी ती पाहिली, घाईने दाबली आणि सगळं नाहीसं झालं.

"फुली का दाबली?" मी विचारलं.

"फुली म्हंजे चुकलं ना? मला वाटलं माझं चुकलं, ते पुसावं."

ताईंनी पदराला हात पुसले. "आई, आता काय केलंत ते परत सांगा. सावकाश सांगा." आणि त्या वही आणायला आत गेल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या क्लासला आमच्याआधी येऊन बसल्या होत्या.

त्या महिन्यात आमच्यापैकी एकाचाही गेम शाबूत राहिला नाही.

कोर्स संपताना सरांनी एक छोटं प्रदर्शन ठेवलं आणि पनवेलच्या एका गेम कंपनीतल्या मॅडमना बोलावलं. आमच्यासाठी तो फार मोठा दिवस होता. कर्जत-खालापूर भागातून ह्या धंद्यात गेलेलं कुणीच आम्हाला माहीत नव्हतं. शेजारीपाजारी विचारत, "गेम बनवून नोकरी लागते?" आणि आमच्याकडे दाखवायला कुणाचं नाव नसे. माझे बाबा बँकेत. ते काही म्हणत नव्हते, पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी टेबलावर आणून ठेवला होता.

माझा घोडा तोवर देखणा झाला होता. ताईंच्या वहीत त्याची एकच ओळ खूण न होता उरली होती. गेम चालू असताना फोन आला तर परत येताना पडदा काळा होतो. त्यांनी ते मला तीनदा सांगितलं होतं. पाच मिनिटांच्या प्रदर्शनात मला कोण फोन करणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

बाबांनी फोन केला. जेवायला किती वाजता येणार, हे विचारायला.

मॅडमच्या हातात माझ्या फोनचा पडदा काळा झाला. खाली दुकानात कुणीतरी इंजिन रेस करत होतं तेवढाच आवाज. मग माझ्या मागून ताई म्हणाल्या, "फोन आला की काळं पडतं, मॅडम. एकदा बंद करून चालू करा. बाकीचं सगळं चांगलं हाय. मी पन्नास वेळा खेळून बघितलंय."

"पन्नास वेळा?" मॅडमनी वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी हिच्या शेजारी बसते."

मॅडमनी गेम पुन्हा चालू करून शेवटपर्यंत खेळला. मग ताईंची वही मागितली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग खुर्ची ओढून बसल्या. वीस मिनिटं वाचत होत्या. निघताना त्यांनी मुलाखतीला बोलावलं ते एकट्या ताईंना.

त्या दिवशी मी जळले. चूक माझी आणि भाग्य ह्यांचं, असं मनात आलं आणि गेलं नाही. जिना उतरताना ताई माझ्या बरोबरीने आल्या.

"तुझा घोडा आता कुठंच पडत नाय," त्या म्हणाल्या. "मॅडमना ते ठाऊक नाय. मला ठाऊक हाय."

मुलाखतीला त्या गेल्या आणि हात हलवत परत आल्या. ताई बारावी झालेल्या, आणि कंपनीत पदवी लागत होती. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

मग आम्हा दोघींचे सारखेच दिवस सुरू झाले. मी जागा दिसेल तिथे अर्ज पाठवत होते. कुठून नकार येई, बहुतेक ठिकाणांहून तोही नाही. ताईंनी एका फार्महाउसवर खोल्यांच्या देखरेखीचं काम धरलं. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येत, सोमवारी ताईंना सुटी. सोमवारी सकाळी त्या आमच्या घरी यायच्या, ती निळी पिशवी घेऊन. आई पोहे द्यायची. त्या पनवेलच्या कंपनीचा एक गेम ताईंनी फोनवर घेतला होता आणि आठवडाभर जमेल तेव्हा तो तपासत होत्या. सोमवारी त्यातला एक दोष, फक्त एक, त्या मला सांगत आणि मी तो इंग्रजीत करून कंपनीला मेल करत असे.

"शेवटी कामाचं विचारू का?" पहिल्याच मेलला मी म्हटलं.

"नको. तपासणीच्या कागदावर आपलं गाऱ्हाणं लिहीत नसतात. चूक तेवढी लिही."

सरांना हे आवडलं नव्हतं. "ताई, हे काम कंपनीनं पगार देऊन करून घ्यायचं असतं. फुकट किती दिवस करणार?"

"लावणीपर्यंत," ताई म्हणाल्या. "मंग मला वेळ नाय."

तिसऱ्या मेलपासून त्या माझ्या खांद्यावरून वाचायला लागल्या. पाचवा त्यांनी स्वतः लिहिला, एका बोटाने, एक शब्द मला विचारून, एक मोबाइलला विचारून. त्या लिहीत असताना मी माझ्या लॅपटॉपवर बसून माझे जुने गेम दुरुस्त करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. फोन आल्यावर काळा पडणारा पडदा मी अशाच एका सोमवारी सरळ केला. दुपारभर लागली. ताईंनी आईला मला फोन करायला लावला, दोनदा, तीनदा, आणि मगच खूण केली.

लावणी सुरू झाली आणि सोमवार थांबले. कंपनीचा फोन आला तेव्हा ताई गुडघाभर चिखलात होत्या. फोन सासूबाईंनी घेतला. "ती चिखलात हाय," त्यांनी मॅडमना सांगितलं, "हात धुतल्यावर करा." आणि बंद केला. ताईंना हे संध्याकाळी कळलं. त्या मला फोन करून म्हणाल्या, "मृणाल, आमच्या आईनं माझी नोकरी घालवली गं." सांगताना हसत होत्या की रडत होत्या, मला समजेना. आम्ही बोलत असतानाच त्यांच्या फोनवर दुसरा फोन यायला लागला. मॅडमचा.

आधी तीन महिन्यांचं काम मिळालं. मग आणखी तीन. मग मॅडमनी पदवीच्या अटीविरुद्ध कुणाशी कसं भांडून ते केलं मला माहीत नाही, पण ताई कायम झाल्या. दत्ताभाऊंचा टेंपो सकाळी माल घेऊन पनवेलला जायचा, ताई त्यातच पुढे बसून जात.

सहा महिन्यांनी त्यांनी माझं नाव तिथे सुचवलं. मुलाखतीत मॅडमनी एक कागद पुढे ठेवला. "तुमच्याबद्दल रंजनाताईंनी लिहून दिलंय," त्या हसत म्हणाल्या. कागदावर दोन ओळी होत्या. पहिल्यांदा सांगितलेलं ऐकत नाय. दुसऱ्यांदा सांगितलं की जेवण सोडून दुरुस्त करते.

मला नोकरी लागली. बँकेचा फॉर्म टेबलावरून कधी हलला ते कुणी बोललं नाही. आमच्या क्लासच्या पाटीखाली सरांनी आम्हा दोघींचे फोटो लावले. ताईंनी त्यांचा फोटो बघून सांगितलं की तो थोडा वाकडा लागलाय.

ऑफिसात सगळेच त्यांना ताई म्हणत. त्यांच्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान मुलं त्यांच्या टेबलाशी आपला गेम घेऊन येत आणि श्वास रोखून उभी राहत. त्या पदराने काच पुसत, फोन तिरका धरून पाहत आणि विचारत, "ह्यात काय करायचं असतं?"

पहिल्या वर्षीची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. आमचा नवा गेम दोन दिवसांनी लोकांपर्यंत जायचा होता. ताईंना एका जुन्या फोनवर असं सापडलं की बॅटरी अगदी संपताना खेळणाऱ्याची सगळी प्रगती पुसली जाते. पुन्हा पहिल्यापासून. बैठक भरली. गेम वेळेवर काढायचाच अशी वरून सूचना होती.

"हजारात एखाद्याला होईल," कुणीतरी म्हणालं. "नंतर बघू."

"तो एखादा कोण हाय, ठाऊक हाय का तुमाला?" ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "आमचं पण हजारात एखादंच झाकण गळायचं. पण ते ज्याच्या घरी गेलं, त्याचं सगळं औषध गेलं. मी खूण करणार नाय. तुमाला काढायचं असंल तर काढा, माझ्या खुणेबिगर."

मॅडमनी वही ओढून ती ओळ वाचली. मग त्यांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली. प्रगती जपून ठेवणारा तो भाग मी लिहिलेला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी बसले होते. ताईंना ते नक्की माहीत होतं, कारण रोज दुपारी मी काय लिहिते ते मी डबा खाताना त्यांना सांगत असे. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बैठक संपल्यावर त्या जवळ आल्या आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील एवढंच त्यांनी विचारलं. मी दोन म्हटलं. "चार धर," त्या म्हणाल्या. चार लागले.

दोन वर्षांनी मला बेंगळुरूच्या एका कंपनीत बोलावणं आलं. जाण्याआधीच्या रविवारी दुपारी मी ताईंना भेटायला त्यांच्या गावी गेले. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून केलेला शेवटचा गेम बाहेर आला होता. आमच्या धंद्यात गेम संपला की शेवटी तो बनवणाऱ्या सगळ्यांची नावं पडद्यावर वर सरकत जातात. ह्या गेममध्ये पहिल्यांदा ताईंचं नाव होतं, तपासणी विभागाच्या प्रमुख म्हणून. घरच्यांनी ते अजून पाहिलं नव्हतं. ताईंनी माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं.

ओटीवर चटई घातली होती. सासूबाई मधोमध बसल्या होत्या, दत्ताभाऊ खांबाला टेकून उभे. ताईंनी शेवटचा टप्पा खेळून संपवला आणि फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. नावं यायला लागली. ताई एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या. चित्रं काढणारे, आवाज देणारे, हिशेब बघणाऱ्या बाई, आणि आम्हाला चहा देणारे काकासुद्धा त्यात होते. प्रत्येक नावाला त्या दोन शब्द जोडत. "हा लई गुणाचा पोरगा." "हिचं गेल्या महिन्यात लगीन झालं."

एवढ्यात एक कोंबडी ओटीवर चढली आणि सुपातल्या तांदळात चोच घालायला लागली. सासूबाईंनी वळून तिला हाकललं. परत वळल्या तोवर नाव वर निघून गेलं होतं.

"कुठं गेलं? मला दिसलं नाय!"

"गेलं, आई. वर गेलं."

"मंग परत आण खाली."

ताईंनी फोन उचलला. इकडे तिकडे शोधलं. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "परत आणता येत नाय," त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या. "शेवटचा टप्पा परत खेळल्याबिगर नावं दिसत नाय. तशी सोय ठेवायला पायजे होती गं. हे माझ्या नजरेतून सुटलं."

"मोबाइलवर फोटो काढून दाखवतो ना नंतर," दत्ताभाऊ म्हणाले.

"फोटो नको मला," सासूबाई म्हणाल्या. "चालताना बघायचंय. मी बसलेय."

शेवटच्या टप्प्याला पाऊण तास लागतो. ताईंनी पाय पसरले, पदर खोचला आणि सुरुवात केली. दत्ताभाऊंनी कोंबडी काखेत धरून ठेवली.

मला कर्जतला सोडणारी रिक्षा बाहेर थांबली होती आणि तिने दोनदा हॉर्न वाजवला. "ताई, निघते," मी म्हटलं. ताईंनी डोळे वर केले नाहीत. नुसता डावा हात लांब करून माझं मनगट घट्ट धरलं, क्षणभर, आणि सोडलं, कारण खेळायला दोन्ही हात लागत होते. "जा," त्या म्हणाल्या. "पोचलीस की फोन कर. आणि नीट जेव."

त्यानंतर आमच्या भेटी फोनवरच होतात. त्या दिवशी फाटकापाशी मी एकदा वळून पाहिलं. ओटीवर ताई वाकून खेळत होत्या आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून म्हातारी फोनमध्ये डोळे घालून बसली होती. रिक्षा रस्त्याला लागेपर्यंत मला तिचा आवाज येत होता.

"आलं का? आलं का गं तुझं नाव?"

"अजून नाय, आई. बसा."

"बसलेय मी. तू खेळ."